रिकामी रिफिल, खरी डोकेदुखी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेल्या महिन्यात 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी', म्हणजे बहुरासायनिक संवेदनशीलता, या विषयावर आलेला लेख आणि त्यावर नंतर छापलेले एका वाचकाचे पत्र, दोन्ही मी वाचले. रंग, फिनेल, परफ्यूम, पेस्ट कंट्रोल यांच्या जेमतेम जाणवणाऱ्या वासानेही ज्यांचे डोके धरते, श्वास घुसमटतो, गळून गेल्यासारखे होते आणि काही सुचेनासे होते, अशा माणसांविषयीचा तो लेख होता. घरातली विषारी द्रव्ये शरीरात साठत जातात, एके दिवशी घडा भरतो आणि त्यानंतर माणसाला कसलाच वास सोसत नाही, असे लेखकाने निःशंकपणे लिहिले होते आणि शेवटी 'डिटॉक्स'चा सल्ला दिला होता. पत्रलेखकाने त्याला उत्तर दिले की हे सगळे मनाचे खेळ आहेत आणि रिकामा वेळ असणाऱ्यांनाच असले आजार होतात. लेख आणि पत्र या दोहोंचा मला आलेला राग एकाच कारणाचा आहे. डॉक्टर आणि संशोधक ज्याच्यावर सत्तर वर्षे भांडत आहेत तो प्रश्न दोघांनीही चार ओळींत निकालात काढला.

मी एकतीस वर्षे डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. हवेत क्लोरीन किती, ॲनिलिन किती, टोल्युइन किती हे मोजायचे आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की काम थांबवायचे, हे माझे रोजचे काम. त्यामुळे रसायनाचा त्रास म्हटला की 'किती?' हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघतो. पुढे हा त्रास माझ्याच घरी मुक्कामाला आला. २०१५ च्या दिवाळीआधी आम्ही घराला रंग काढला, स्वयंपाकघरात प्लायवूडची नवी कपाटे बसवली आणि नेमके त्याच आठवड्यात सोसायटीचे पेस्ट कंट्रोल झाले. माझ्या पत्नीला खोकला झाला, डोळे चुरचुरू लागले. यात नवल काही नव्हते, कारण नव्या प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड सुटतो आणि दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरात तो कोणालाही झोंबतो. दोन दिवस मलाही ठसके लागत होते. माझे ठसके थांबले, तिचे थांबले नाहीत. वर्षभरात तिचा त्रास ऑइलपेंटवरून फिनेलवर, फिनेलवरून उदबत्तीवर आणि उदबत्तीवरून लोकलच्या महिला डब्यातल्या परफ्यूमवर सरकला. आपले वर्तमानपत्रही शाईच्या वासामुळे ती सकाळी हातात घेत नाही. मी ते गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून टांगतो आणि दुपारच्या जेवणानंतर ती ते वाचते, म्हणजे आमच्या घरात बातमी अर्धा दिवस वाळून येते.

आपल्या लेखात सर्वत्र 'ॲलर्जी' हा शब्द होता, तो आधी बाजूला ठेवायला हवा. ॲलर्जीत शरीर एखाद्या प्रथिनाविरुद्ध किंवा द्रव्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते आणि ती त्वचेच्या चाचणीत किंवा रक्तात सापडतात. बहुरासायनिक संवेदनशीलतेत तशी काही खूण सापडत नाही, आणि ज्यांचे रासायनिक रचनेत एकमेकांशी काही नाते नाही अशी द्रव्ये एकाच माणसाला एकसारखा त्रास देतात. थिनर, अत्तर, डांबर आणि नवे पुस्तक यांना जोडणारा दुवा रसायनशास्त्रात नाही. तो असलाच तर नाकात, नसांमध्ये किंवा मेंदूत असायला हवा. पत्नीच्या सगळ्या तपासण्या 'नॉर्मल' आल्या. तपासणारे डॉक्टर, त्यांचे नाव इथे अनावश्यक आहे, तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "मिसेसना जरा कशात तरी गुंतवा." ती त्या काळात दोन पाळ्यांतल्या शिकवण्या घेत होती.

आता एक प्रसंग सांगतो, जो माझ्या बाजूचा आहे असे मला त्या वेळी वाटले. डासांसाठी भिंतीला लावतात ते विजेवरचे यंत्र आम्ही तिच्यासाठी बंद केले होते. पाहुणे आले होते म्हणून एका रात्री ते पुन्हा लावले गेले. तिचे डोके दुखू लागले, छाती भरून आली, ती दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली. सकाळी मी यंत्र काढले तेव्हा आतली रिफिल कोरडी ठाक होती, कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली. लाल दिवा लागत होता एवढेच. इतक्या वर्षांच्या नोकरीत सापडला नसेल असा पुरावा हाती लागल्याच्या थाटात मी ती रिफिल तिच्यापुढे धरली. तिने ती उलटी करून पाहिली, परत दिली आणि म्हणाली, "औषध नव्हतं हे कळलं. पण डोकं दुखलं ते कुठून आलं, ते सांगा की."

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढची काही वर्षे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो ते त्या प्रश्नापायीच.

वादाचा उगम अमेरिकेतला आहे. शिकागोचे ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० च्या सुमारास असे मांडायला सुरुवात केली की पेट्रोलियम, धूर, द्रावके यांच्या नित्याच्या संपर्काने काही माणसे आजारी पडतात. १९६२ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि त्यांच्या अनुयायांनी 'क्लिनिकल इकॉलॉजी' नावाची शाखाच काढली, जिच्या चाचण्या आणि उपचार मुख्य प्रवाहातल्या वैद्यकाने कधीच मान्य केले नाहीत. आज रूढ असलेले नाव १९८७ चे आहे. येल विद्यापीठातले व्यवसायजन्य आजारांचे तज्ज्ञ मार्क कलन यांनी ते दिले आणि व्याख्याही केली: आधी एखादा नोंदवता येण्यासारखा रासायनिक संपर्क, त्यानंतर एकाहून अधिक अवयवांत लक्षणे, आणि ती लक्षणे इतरांना काहीच होत नाही इतक्या अल्प प्रमाणातल्या वेगवेगळ्या द्रव्यांनी पुन्हापुन्हा उद्भवणारी. याच सुमारास, १९८७-८८ मध्ये, वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या स्वतःच्या मुख्यालयात नवा गालिचा अंथरला गेला आणि अनेक कर्मचारी आजारी पडले. गालिच्याच्या पाठीला असलेल्या रबरी थरातून सुटणाऱ्या एका द्रव्यावर संशय होता. त्यातल्या काहींना नंतर त्या इमारतीत बसून काम करणे जमलेच नाही. हवा शुद्ध राखणे ज्यांचे काम त्यांच्याच कचेरीत हे घडावे, ही गोष्ट आमच्या धंद्यातली माणसे अजूनही एकमेकांना सांगतात.

नावावरूनही भांडण झाले. १९९६ मध्ये बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत 'रासायनिक' आणि 'संवेदनशीलता' हे दोन्ही शब्द गाळून 'कारण अज्ञात असलेली पर्यावरणीय असहिष्णुता' असे नाव सुचवले गेले. नावातच कारण गृहीत धरू नये, हा त्यामागचा युक्तिवाद मला रास्त वाटतो. पण रुग्णांच्या संघटनांना त्यात रसायनांची सुटका दिसली, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण तोवर हा विषय अमेरिकेतल्या न्यायालयांत, विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत जाऊन बसला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या स्थितीला आजही स्वतंत्र क्रमांक नाही. जर्मनीत ती ॲलर्जीच्या एका ढोबळ क्रमांकाखाली नोंदवतात, तर जपानने २००९ मध्ये विम्याच्या कामासाठी तिला आजारांच्या यादीत घेतले. एकाच आजाराचे हे वेगवेगळे पत्ते पाहिले की वाद किती मुरलेला आहे ते कळते.

त्यावर प्रयोग झाले नाहीत असे मात्र नाही. साधा विचार असा: या माणसांना बंद कक्षात बसवा, कधी खरे द्रव्य सोडा, कधी नुसती हवा, आणि कोणत्या वेळी काय सोडले हे बसणाऱ्यालाही कळू देऊ नका, नोंद करणाऱ्यालाही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत स्टॉडनमायर आणि सहकाऱ्यांनी वीस रुग्णांवर अशा १४५ चाचण्या केल्या; खरे द्रव्य आणि नुसती हवा यांतला फरक रुग्णांना नाणेफेकीपेक्षा बरा सांगता आला नाही. २००८ मध्ये जर्मनीत वीस रुग्ण आणि सतरा निरोगी माणसे घेऊन झालेल्या चाचणीचाही निष्कर्ष तसाच निघाला. त्याआधी २००६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, ज्यांत त्रास असलेली ७८४ माणसे होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रुग्णांना त्रास होतो हे खरे, पण तो बहुतेक वेळा द्रव्य ओळखू येते तेव्हाच होतो. वास झाकला की त्रासाचा आणि द्रव्याचा मेळ बसेनासा होतो.

माझी रिकामी रिफिल याच रांगेत बसते हे मी जाणतो. म्हणूनच या चाचण्यांच्या उणिवाही सांगायला हव्यात. वास झाकण्यासाठी अनेकदा पुदिना, दालचिनी किंवा बडीशेप यांचा अर्क वापरला गेला, आणि ज्यांना परफ्यूम सोसत नाही त्यांना पुदिन्याचा अर्क चालतो हे कोणी ठरवले? मग 'नुसती हवा' ही नुसती हवा राहत नाही. संपर्क काही मिनिटांचा असतो, तर रुग्ण सांगतात की त्रास संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतो. टेक्सासच्या डॉ. क्लॉडिया मिलर यांनी तर मुद्दाच वेगळा मांडला आहे. त्यांच्या मते एखाद्या मोठ्या किंवा दीर्घ संपर्काने आधी शरीराची सहनशक्ती ढासळते आणि मग जुन्या, ओळखीच्या, एरवी निरुपद्रवी गोष्टी त्रास देऊ लागतात. हे म्हणणे सिद्ध झालेले नाही. पण दहा मिनिटांच्या कक्षातल्या चाचणीने ते खोटेही ठरत नाही, कारण चाचणी दुसऱ्या टप्प्याची होते आणि दावा पहिल्या टप्प्याचा आहे.

मग कोरड्या रिफिलीने डोके कसे दुखते? मला सर्वांत पटलेले उत्तर बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातून आलेले आहे. ओमेर व्हान डेन बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, जिच्याने कोणालाही धाप लागते, छातीत धडधडते. त्या हवेबरोबर एक ठराविक वास दिला. काही वेळा असे झाल्यावर पुढे नुसता वास दिला, हवा साधी होती, तरी धाप आणि घुसमट परत आली. दुर्गंधीने हे लवकर झाले, सुवासाने सहसा झाले नाही. यात वेड कुठे नाही, ढोंग तर नाहीच. करपलेल्या दुधाच्या वासाने ज्यांना लहानपणचे आजारपण आठवून मळमळते त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शरीर शिकते, आणि शिकलेले आपल्या परवानगीवाचून वापरते. २०१५ च्या त्या आठवड्यात माझ्या पत्नीच्या शरीराने काही तरी शिकले असेल, तर शिकवणारे फॉर्मल्डिहाइड आणि कीटकनाशक खरेच हवेत होते. पहिला धडा रसायनाचा आणि नंतरची उजळणी मेंदूची, असे झाले असेल तर 'शरीर की मन' या प्रश्नाला एका शब्दात काय उत्तर देणार?

संपादक महोदय, याच गटाचा पुढचा प्रयोग आपल्या कामाचा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काहींना प्रयोगाआधी पर्यावरणातल्या रसायनांच्या धोक्याची इशारेवजा माहिती वाचायला दिली होती आणि काहींना दिली नव्हती. ज्यांनी ती वाचली त्यांच्या शरीराने वास आणि त्रास यांची जोडी अधिक सहज शिकली. फिलाडेल्फियात पामेला डाल्टन यांनी नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनवर केलेले काम याच जातीचे आहे: वास तोच, मात्रा तीच, पण 'हे घातक आहे' असे आधी सांगितलेल्यांना झोंबणे आणि डोके दुखणे जास्त झाले. म्हणजे 'तुमच्या घरातली चौदा विषे' अशा मथळ्याचा लेख ही केवळ माहिती राहत नाही. काही वाचकांसाठी तो कारणाचाच एक भाग होऊन बसतो. आमच्या घरात आपला तो लेख वाचल्यापासून वॉशिंग पावडर बदलली गेली आहे, जी नऊ वर्षे निमूटपणे चालत होती.

एवढे लिहिल्यावर मी पत्रलेखकाच्या पक्षात गेलो असे कोणाला वाटेल. तसे नाही, आणि त्याची दोन कारणे मला द्यायची आहेत.

पहिले कारण मिरचीचे आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एव्हा मिलक्विस्ट यांनी वासाने त्रास होणाऱ्या माणसांना कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीतले तिखट द्रव्य, अत्यंत विरळ करून हुंगायला दिले आणि त्यांना किती खोकला येतो ते मोजले. फोडणीत मिरची पडली की घरभर ठसका उठतो तो याच द्रव्याचा, आणि तो नाकाच्या गंधपेशींमुळे उठत नाही, श्वासमार्गातल्या जळजळ ओळखणाऱ्या नसांमुळे उठतो. ज्यांना वासाचा त्रास होता ती माणसे इतरांपेक्षा कमी मात्रेला आणि जास्त खोकली. ती दम्याची रुग्ण नव्हती, प्रतिपिंडांची ॲलर्जीही नव्हती. निदान काहींच्या बाबतीत नसांची धार खरोखर अधिक तीक्ष्ण असते, असा याचा सरळ अर्थ मी घेतो. मी पत्नीला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली की शेजारच्या फोडणीचा ठसका आपल्या घरात सगळ्यात आधी तिला लागतो हे गेली चाळीस वर्षे सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी स्वीडनला जायला नको होते.

दुसरे कारण १९९१ च्या आखाती युद्धाचे. त्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी हजारोंना थकवा, विस्मरण, अंगदुखी सुरू झाली आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना डिझेल, परफ्यूम यांचा वासही सहन होईना. वर्षानुवर्षे त्यांना सांगण्यात आले की हा लढाईचा मानसिक ताण आहे. २०२२ मध्ये डॅलसचे डॉ. रॉबर्ट हेली आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात सरीन या विषारी वायूचे शरीरात विघटन करणाऱ्या जनुकाचा दुबळा प्रकार ज्यांच्यात होता आणि ज्यांनी वायूचा इशारा देणारे भोंगे ऐकले होते त्यांच्यात हा आजार ठळकपणे जास्त आढळला. आखाती आजार आणि आपला विषय एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण 'तपासणीत काही नाही, म्हणजे मनातच आहे' हे वाक्य डॉक्टर जेवढ्या खात्रीने उच्चारतात तेवढी खात्री त्या वाक्यात नसते, हे दाखवायला तीस वर्षांचा हा इतिहास पुरेसा आहे. उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे की बहुरासायनिक संवेदनशीलतेच्या जनुकांचा शोध कॅनडात लागला असे वाटले तेव्हा युरोपातल्या नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही.

यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत वादग्रस्त दस्तऐवज २०२१ चा आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने हजारो शोधनिबंध चाळून आठशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. अल्प मात्रेतल्या रसायनांची विषबाधा हे स्पष्टीकरण त्यांनी नाकारले आणि मेंदूत रुजलेली दीर्घकालीन चिंता हे कारण पुढे केले. त्याचबरोबर रुग्णांचे हाल खरे आहेत आणि त्यांच्या शरीरात मोजता येणारे बदल होतात, हेही त्यांनी स्वच्छ लिहिले. वर्तमानपत्रांनी अर्थातच पहिला अर्धा भाग उचलला. रुग्ण आणि काही डॉक्टर चिडले, आणि त्यांचा एक आक्षेप मला बिनतोड वाटतो: ज्या माणसाला घराबाहेर पडताना प्रत्येक जिन्यात, प्रत्येक रिक्षात काय वास असेल याची धास्ती असते तो वर्षभरात चिंताग्रस्त होणारच, मग चिंता हे कारण की परिणाम हे आजारी पडल्यानंतर केलेल्या पाहणीतून कसे ठरणार? शिवाय चिंता हेच मूळ असते तर मानसोपचाराने माणसे बरी होताना दिसायला हवी होती. डेन्मार्कमध्ये सजगता-आधारित उपचाराची रीतसर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये तिचा निकाल आला: आजाराकडे पाहण्याची रुग्णांची दृष्टी थोडी सैल झाली, पण आजाराचा जाच म्हणावा तसा कमी झाला नाही. ल्यूव्हेनच्या प्रयोगांवर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला हा निकाल अडचणीचा आहे, आणि ती अडचण मी लपवू इच्छित नाही.

आता माझ्या जुन्या धंद्यातला एक मुद्दा, जो या चर्चेत कोणीच काढत नाही. नाक हे मोजण्याचे यंत्र नाही. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड अब्जांश मात्रेलाही नाकाला कळतो, पण दशलक्षात शंभराच्या आसपास गेला की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते वास गेला. गटारात उतरलेले कामगार असेच दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. भोपाळमध्ये १९८४ साली फुटलेल्या मिथाइल आयसोसायनेटचा वास जेव्हा जाणवू लागतो तेव्हा कामाच्या जागेसाठी ठरवलेली सुरक्षित मर्यादा सुमारे शंभरपटीने ओलांडलेली असते. वास म्हणजे विष नव्हे आणि वास नाही म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे दोन्ही धडे मी प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी देत असे. बहुरासायनिक संवेदनशीलतेचे रुग्ण यातला पहिला धडा विसरतात हे खरे. पण 'मनाचे खेळ' म्हणणारे दुसरा विसरतात, आणि त्याची किंमत भलतेच लोक मोजतात.

आम्हा डोंबिवलीकरांना ही किंमत ठाऊक आहे. रात्री अकरानंतर दर्प सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या आणि सकाळी तक्रार केली की 'तुम्हालाच कसा येतो?' हे ऐकून घ्यायचे. उद्या कोणी अधिकारी त्या क्वेबेकच्या अहवालाचे अर्धे वाक्य फडकावून सांगेल की वासाने त्रास होणे हा चिंतेचा प्रकार असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले आहे. अल्पमात्रेचा तो सगळा वाद अशा हवेला लागू होत नाही, जिथे मात्रा अल्प आहे की नाही हेच कोणी मोजलेले नसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले; ती उघड विषबाधा होती, जिच्यातल्या सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची खूण रक्तातल्या एका विकराच्या पातळीवरून ओळखता येते. ती चाचणी तालुक्याच्या ठिकाणी होत नाही हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका, एवढीच माझी विनंती आहे: परफ्यूमने हैराण होणाऱ्या माणसाच्या नावावर फवारणीच्या विषाची भीती खपवू नये, आणि फवारणाऱ्याच्या उलट्यांवर परफ्यूमवाल्या वादाचे पांघरूण घालू नये.

'डिटॉक्स'बद्दल फार शब्द खर्चण्याची गरज नाही. यकृत आणि मूत्रपिंडे ते काम फुकट करतात, आणि केसांची, लाळेची किंवा रक्ताची जी महागडी पाकिटे 'तुमच्या शरीरातली विषे' म्हणून विकली जातात त्यांच्यावरून या आजाराचे निदान होत नाही, कारण या आजाराची निदान-चाचणीच अजून अस्तित्वात नाही. आमच्याकडून अशा एका दुकानदाराने अठरा हजार रुपये घेतले आहेत. पावती जपून ठेवली आहे. प्रत्येक वेळी नवा उपाय ऐकला की आम्ही ती काढून बघतो.

कारणाचा निकाल लागेपर्यंत माणसांनी काय करायचे, या प्रश्नाचे मला सापडलेले शहाणे उत्तर कॅनडाच्याच मानवी हक्क आयोगाचे आहे. ज्या देशातला एक प्रांत कारण चिंता आहे म्हणतो, त्याच देशाचा आयोग ही स्थिती अपंगत्व मानतो आणि नोकरीच्या ठिकाणी, घराच्या बाबतीत वाजवी सोयी द्या असे सांगतो, मग कारण काहीही असो. दम्याचे कारण कळले नाही म्हणून आपण दमेकऱ्याला जिन्यात विडीच्या धुरात उभे करत नाही. त्याच कॅनडात ही सोय कशी अपुरी पडते तेही दिसले: २०२२ मध्ये टोरंटोत हा त्रास असलेल्या एका ५१ वर्षांच्या बाईने, दोन वर्षे प्रयत्न करूनही धूर आणि क्लीनरचा वास नसलेले परवडणारे घर न मिळाल्यामुळे, कायद्याने मिळणारे इच्छामरण स्वीकारले. तिला त्रास देणारी गोष्ट रेणू होता की आठवण, हे शोधत बसण्याआधी एक हवेशीर खोली शोधायला हवी होती.

आमच्या सोसायटीत मी हा विषय वार्षिक सभेत काढला तेव्हा आधी हशा झाला. मी आजाराचे नाव घेतलेच नाही. एवढेच म्हणालो की पेस्ट कंट्रोल, जिन्याची रंगरंगोटी आणि टाकीची सफाई यांची तारीख दोन दिवस आधी फळ्यावर लिहावी आणि काय फवारणार त्या औषधाचे नावही लिहावे. सेक्रेटरींनी ते मान्य केले, कारण त्यात खर्च खडूचा होता. त्या दोन दिवसांत पत्नी ठाण्याला बहिणीकडे जाऊन येते. पहिल्या मजल्यावरच्या दमेकरी मुलाची आई आता ती तारीख मोबाइलमध्ये टिपून ठेवते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, जे सभेत सगळ्यात मोठ्याने हसले होते, गेल्या खेपेला स्वतःहून विचारले की त्यांच्या पोपटाचा पिंजरा आत घ्यायला हवा का.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी,
डोंबिवली